श्रवणयंत्र : कान, यंत्र आणि भाषा

प्रस्तावना

ऐकणे ही बाब इतकी सहज घडते की ती बिघडेपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. घरातील वडीलधारी व्यक्ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागते, दूरचित्रवाणीचा आवाज वाढवते, पाहुण्यांच्या गप्पांतून हळूच उठून जाते. तेव्हा 'वयामुळे असे होते' म्हणून घरचे लोक विषय संपवतात. काही घरांत उत्साहाने 'कानाचे मशीन' आणले जाते आणि महिन्याभरात ते कपाटाच्या खणात जाऊन पडते. असे का होते? चष्मा डोळ्यावर चढवताच स्पष्ट दिसते. मग यंत्र कानात घालताच स्पष्ट ऐकू का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर या पाठात शोधावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –

- कानाची रचना व ऐकण्याची क्रिया सांगू शकाल;
- श्रवणयंत्राचे भाग आणि त्यांचे कार्य स्पष्ट करू शकाल;
- श्रवणयंत्र बसवण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहू शकाल;
- मराठीतील अल्पप्राण व महाप्राण व्यंजनांचा आणि ऐकण्याचा संबंध ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. एग्मोरमधील एक उदाहरण

चेन्नई शहराचा एग्मोर हा जुना व गजबजलेला भाग. तमिळमध्ये त्याला एळुंबूर म्हणतात. १९०८ साली बांधलेले रेल्वे स्थानक, १८४४ साली सुरू झालेल्या परंपरेचे सरकारी प्रसूती रुग्णालय आणि मुलांचे मोठे सरकारी रुग्णालय यांमुळे या भागात दूरदूरचे लोक येत असतात. नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत आलेली मराठी कुटुंबेही या शहरात आहेत.

समजा, अशाच एका कुटुंबात सोलापूरहून मुलाकडे राहावयास आलेल्या बहात्तर वर्षांच्या आजी आहेत. त्यांचे तारुण्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेले. आता त्यांना हाक ऐकू येते, पण बोलणे उमगत नाही. "अगं, मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात पुटपुटता," असे त्या नातीला सुनावतात. नात त्यांना श्रवणतज्ज्ञांकडे घेऊन जाते. हे उदाहरण कल्पित असले, तरी आजींचे म्हणणे हजारो घरांत ऐकू येते. विशेष म्हणजे ते खोटे नाही. आवाज त्यांच्यापर्यंत खरोखरच पोहोचतो. पोहोचत नाही तो शब्द.

२. कानाचे कार्य

हे समजण्यासाठी प्रथम कान समजून घेतला पाहिजे. बाह्यकर्णातील कर्णपाळी आवाज गोळा करते व कर्णनलिकेतून तो आत पाठवते. नलिकेच्या टोकाशी ताणून बसवलेला पातळ पडदा म्हणजे कर्णपटल. ध्वनिलहरी आदळताच तो कंप पावतो. मध्यकर्णातील हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे तो कंप पुढे नेतात. त्यांतील रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. आंतरकर्णात गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला, द्रवाने भरलेला कर्णावर्त असतो. त्याच्या आत सूक्ष्म केस असलेल्या हजारो पेशी ओळीने मांडलेल्या असतात. कंपाने या पेशी हलतात, त्यांतून विद्युत संदेश निर्माण होतो आणि श्रवणचेता तो मेंदूकडे पोहोचवते. मेंदू त्याचा अर्थ लावतो, तेव्हा 'ऐकू आले' असे आपण म्हणतो.

अडथळा बाह्यकर्णात किंवा मध्यकर्णात असेल, म्हणजे मळ साचला असेल, कान वाहत असेल, पडद्याला भोक पडले असेल, तर आवाज आत जातानाच मंदावतो. असे दोष अनेकदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दूर होतात. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी झाल्याशिवाय यंत्र घेण्याची घाई करू नये. परंतु कर्णावर्तातील केसपेशी नष्ट झाल्या, तर त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. वार्धक्य, सततचा गोंगाट, काही औषधे, काही आजार ही त्याची कारणे असतात. श्रवणयंत्राचा आधार प्रामुख्याने अशा वेळी घ्यावा लागतो.

या केसपेशींची मांडणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कर्णावर्ताच्या तोंडाशी असलेल्या पेशी उच्च पट्टीच्या आवाजाला प्रतिसाद देतात, तर आतल्या टोकाकडील पेशी खालच्या पट्टीच्या आवाजाला. वय आणि गोंगाट यांचा आघात आधी उच्च पट्टीच्या पेशींवर होतो. बोलताना स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. 'स', 'श', 'ख', 'थ', 'फ' यांसारख्या व्यंजनांतील सूक्ष्म घर्षण व श्वास मात्र वरच्या पट्टीत असतात. त्यामुळे आजींच्या कानी स्वर पोहोचतात आणि व्यंजने गळून पडतात. शब्दाचा आवाज येतो, अर्थ निसटतो.

३. आवाजाचे मोजमाप

आवाजाची पट्टी, म्हणजे वारंवारिता, हर्ट्झमध्ये मोजतात आणि तीव्रता डेसिबेलमध्ये. डेसिबेल हे नाव टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या स्मरणार्थ दिले आहे. त्यांच्या आईला कमी ऐकू येत असे आणि पत्नीची श्रवणशक्ती लहानपणीच गेली होती. कर्णबधिर मुलांना शिकवणे हेच त्यांनी आपले एक जीवितकार्य मानले. १८७६ साली त्यांनी साकारलेल्या टेलिफोनच्या तत्त्वातूनच पुढे विजेवर चालणारी श्रवणयंत्रे घडली.

कुजबुज सुमारे ३० डेसिबेल, तर साधे संभाषण सुमारे ६० डेसिबेल असते. दर १० डेसिबेलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ध्वनिरोधक खोलीत बसवून, कानावर श्रवणफोन लावून श्रवणतज्ज्ञ वेगवेगळ्या पट्टीचे बारीक आवाज ऐकवतात. आवाज ऐकू येताच रुग्णाने बटण दाबावयाचे असते. अगदी मंद असा जो आवाज ऐकू येतो, त्याची नोंद आलेखावर होते. उजव्या कानासाठी लाल वर्तुळ आणि डाव्या कानासाठी निळी फुली काढतात. हा श्रवणालेख होय. कानामागच्या हाडावर कंप देणारे उपकरण ठेवूनही चाचणी घेतात. त्यावरून दोष मध्यकर्णात आहे की आंतरकर्णात, हे कळते.

आपल्या उदाहरणातील आजींचा आलेख असा आला, असे समजू : ५०० हर्ट्झला ३०, १००० हर्ट्झला ४०, २००० हर्ट्झला ५५ आणि ४००० हर्ट्झला ७० डेसिबेल. पहिल्या तीन आकड्यांची सरासरी सुमारे ४२ येते. प्रचलित वर्गवारीनुसार २६ ते ४० सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि ९० च्या वर अतितीव्र श्रवणदोष मानला जातो. म्हणजे आजींचा दोष मध्यम ठरतो. पण सरासरी सर्व काही सांगत नाही. ४००० हर्ट्झचा ७० हा आकडा त्यांच्या तक्रारीचे खरे मूळ आहे.

४. शब्दांची चाचणी आणि मातृभाषा

बारीक आवाज ऐकू येणे आणि शब्द समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून शब्द ऐकवून ते पुन्हा म्हणावयास सांगणारी चाचणी घेतात. येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. चेन्नईतील शब्दयादी स्वाभाविकपणे तमिळ असते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांसाठी एकच अक्षर आहे आणि अल्पप्राण-महाप्राण या भेदाने तमिळ शब्दांचा अर्थ बदलत नाही. मराठीत मात्र तो बदलतो. तमिळ न जाणणाऱ्या आजींना ती यादी देण्यात अर्थ नाही. आणि थोडी तमिळ येत असली, तरी मराठी ऐकताना त्यांचे नेमके कोठे अडते, हे त्या यादीतून उघड होणार नाही. म्हणूनच ही चाचणी शक्य तोवर मातृभाषेत व्हावी लागते. मराठीतही अशा याद्या तयार झालेल्या आहेत.

यादी हाताशी नसेल, तर घरचे माणूस निदान अंदाज घेण्यास मदत करू शकते. श्रवणतज्ज्ञ नातीला म्हणतात, "ओठांपुढे कागद धरा आणि नेहमीच्या आवाजात एकेक शब्द उच्चारा. पाट्टी काय म्हणतात, ते मला लिहून द्या." पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी.

"आजी, मी म्हणेन तो शब्द तू परत म्हण. फळ."

"पळ."

"खडा."

"कडा."

"थाट."

"ताट."

"बाळ."

"बाळ. हा बघ, आला की नीट!"

नातीच्या कागदावर उतरलेली ही चार उत्तरे बोलकी आहेत. महाप्राण व्यंजनांतील श्वास आजींच्या कानी पडत नाही. ओठांपुढे कागद का धरला, हेही समजून घ्यावे. कमी ऐकणारी माणसे नकळत ओठ वाचतात. त्याची मदत होते, पण मर्यादाही आहे : 'पाळ', 'बाळ' आणि 'माळ' हे तीन शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात.

५. श्रवणयंत्राची रचना

पूर्वी लोक कानाशी कर्णा धरीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निर्वात नळ्यांची यंत्रे आली. त्यांच्या बॅटऱ्या जड असत. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पाच-सहा वर्षांतच तो श्रवणयंत्रांत वापरला जाऊ लागला. त्यामुळे यंत्र खिशातून कानामागे येऊ शकले. १९९६ च्या सुमारास पूर्णतः अंकीय, म्हणजे डिजिटल, यंत्रे बाजारात आली.

यंत्र कोणतेही असो, त्याचे मुख्य भाग चार. मायक्रोफोन आवाज टिपून त्याचे विद्युत संदेशात रूपांतर करतो. संस्कारक, म्हणजे एक लहानशी संगणकीय चकती, त्या संदेशाचे पट्टीनुसार विभाग पाडून ज्या विभागाला जेवढी गरज तेवढीच वाढ देते. छोटा ध्वनिक्षेपक त्या संदेशाचा पुन्हा आवाज करून कानात सोडतो. या साऱ्याला ऊर्जा पुरवते ती बॅटरी.

संस्कारकाचे काम नाजूक असते. दुखावलेल्या कानाला मंद आवाज ऐकू येत नाही. पण मोठा आवाज त्याला इतरांइतकाच मोठा वाटतो. सर्व आवाज सारखेच वाढवले, तर कुजबुज ऐकू येईल, परंतु भांडे पडल्याचा आवाज कानात कळ आणील. म्हणून मंद आवाजाला अधिक, मोठ्या आवाजाला कमी वाढ दिली जाते आणि एका मर्यादेपुढे आवाज जाऊच दिला जात नाही. आंतरकर्णाच्या दोषात ७० डेसिबेलची उणीव आहे म्हणून ७० डेसिबेलची भर घालत नाहीत. साधारणतः उणिवेच्या निम्म्याच्या आसपास वाढ धरून सुरुवात करतात. तपासणीविना विकत घेतलेले, सरसकट आवाज वाढवणारे स्वस्त यंत्र खणात का जाऊन पडते, याचे उत्तर यात आहे.

६. यंत्र बसवणे

खिशात ठेवावयाचे, कानामागे अडकवावयाचे आणि कानाच्या आत बसणारे असे यंत्राचे प्रकार आहेत. निवड करताना दोषाची तीव्रता, बोटांची चपळता, दृष्टी आणि खर्च यांचा विचार होतो. अगदी छोटे यंत्र दिसत नाही, हे खरे. पण थरथरत्या हातांना त्याची बॅटरी बदलणे कठीण जाते. आजींसाठी कानामागचे यंत्र ठरते.

यानंतर कानाचे माप घेतात. दोरा बांधलेला स्पंजाचा लहान बोळा आधी कर्णनलिकेत ठेवतात, जेणेकरून मापाचे द्रव्य पडद्यापर्यंत जाऊ नये. मग मऊ सिलिकॉन आत भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होते आणि कानाचा हुबेहूब ठसा मिळतो. त्यावरून साचा बनवतात. साचा सैल असला, तर आवाज बाहेर निसटून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी वाजवू लागते. वाढत्या वयाच्या मुलांचे कानही वाढतात, म्हणून त्यांचे साचे वरचेवर बदलावे लागतात.

शेवटी यंत्र संगणकाला जोडून श्रवणालेखाप्रमाणे जुळवतात. कर्णनलिकेत बारीक नळी ठेवून, यंत्र लावल्यावर पडद्याजवळ आवाज किती पोहोचतो, हे मोजणे उत्तम. त्यानंतर शब्दचाचणी पुन्हा घेतात. आता आजींनी 'फळ'ला 'फळ' म्हटले, तर जुळणी योग्य दिशेने होत आहे.

७. यंत्राची सवय आणि निगा

जुळणी पूर्ण झाली, तरी काम संपत नाही. अनेक वर्षे ज्या आवाजांना मेंदू पारखा झाला, ते एकदम परत येतात : पंख्याची घरघर, पिशवीची कुरकुर, स्वतःच्याच आवाजाचा घुमारा. म्हणून आरंभी शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, रोज काही तास यंत्र लावावे आणि हळूहळू वेळ वाढवावा. काही आठवड्यांनी पुन्हा जाऊन जुळणी सुधारून घ्यावी. घरच्यांनीही समोर येऊन, चेहरा उजेडात ठेवून, न ओरडता सावकाश बोलावे. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने नव्हेत.

चेन्नई असो वा मुंबई, समुद्रकाठची दमट हवा यंत्राला मानवत नाही. रात्री बॅटरीचे झाकण उघडे ठेवून यंत्र ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवावे. स्नानापूर्वी व डोक्याला तेल लावण्यापूर्वी ते काढावे. साच्यातील मळ रोज पुसावा. जस्त-वायू बॅटरीवरचा कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मगच ती बसवावी. बॅटरी मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळली गेल्यास जिवावर बेतू शकते.

८. लहान मुले : वेळेचे मोल

आजींनी आयुष्यभर भाषा ऐकली आहे. त्यांचा मेंदू निसटलेला शब्द संदर्भाने भरून काढतो. जन्मतः कर्णबधिर असलेल्या बाळापाशी असा साठा नसतो. पहिल्या काही वर्षांतच मेंदू भाषा आत्मसात करतो. ती वर्षे गेली की गमावलेले भरून काढणे अवघड होते. म्हणून जगभर एक सोपे सूत्र मानले जाते : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र व उपचारांचा आरंभ. बाळ झोपलेले असतानाही कर्णावर्ताचा प्रतिध्वनी किंवा मेंदूचा विद्युत प्रतिसाद मोजून ही चाचणी करता येते. चेन्नईत १९६९ साली सुरू झालेल्या 'बाल विद्यालय' या शाळेने पाच वर्षांखालील कर्णबधिर मुलांना यंत्राच्या साहाय्याने ऐकावयास व बोलावयास शिकवून याच विचाराला मूर्त रूप दिले.

म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ साली आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली. तेथे तपासणी होते आणि तज्ज्ञही घडवले जातात. गरजू व्यक्तींना साहाय्यक उपकरणे देणारी केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. तीत श्रवणयंत्रांचाही समावेश होतो.

यंत्राने प्रत्येकाची गरज भागतेच असे नाही. अतितीव्र दोष असल्यास शस्त्रक्रियेने कर्णावर्तात विद्युत तार बसवण्याचा उपाय असतो. अनेक कर्णबधिर व्यक्ती भारतीय सांकेतिक भाषेत बोलतात, शिकतात, विनोद करतात. तीही एक पूर्ण भाषा आहे. मार्ग कोणताही असो, माणूस संवादातून वगळला जाऊ नये, हे महत्त्वाचे. आजी पाहुण्यांच्या गप्पांतून उठून गेल्या नाहीत, तर यंत्र खऱ्या अर्थाने बसले, असे म्हणता येईल.

शब्दार्थ

कर्णपटल – कानाचा पडदा
कर्णावर्त – आंतरकर्णातील शंखाकृती भाग
श्रवणचेता – कानाकडून मेंदूकडे संदेश नेणारी नस
वारंवारिता – एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या
श्रवणालेख – ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख
पारखा होणे – दुरावणे, वंचित होणे

पाठगत प्रश्न

१. मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड कोणते?
२. श्रवणालेखावर डाव्या कानाची खूण कोणती?
३. साचा सैल असल्यास काय होते?

भाषा-अभ्यास

ज्या व्यंजनाच्या उच्चारात श्वासाचा जोर कमी असतो, ते अल्पप्राण (क, ग, त, प). ज्याच्या उच्चारात 'ह'सारखा श्वास मिसळतो, ते महाप्राण (ख, घ, थ, फ). तळहात तोंडापुढे धरून 'पळ' आणि 'फळ' म्हणा. फरक हाताला जाणवेल. प, फ, ब, भ, म ही व्यंजने ओठांच्या साहाय्याने उच्चारली जातात, म्हणून त्यांना ओष्ठ्य म्हणतात.

तुम्ही काय शिकलात

- आवाज ऐकू येणे आणि शब्द समजणे यांत फरक आहे.
- श्रवणयंत्र आवाज सरसकट वाढवत नाही. पट्टी व तीव्रता पाहून वाढवते.
- तपासणी, शब्दचाचणी, निवड, माप, जुळणी आणि सवय या यंत्र बसवण्याच्या पायऱ्या आहेत.
- बालकांच्या बाबतीत विलंब म्हणजे भाषेचे नुकसान.

स्वाध्याय

१. 'अगं, मला ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता,' या आजींच्या उद्गारामागील शास्त्रीय कारण स्पष्ट करा.
२. शब्दचाचणी मातृभाषेत का असावी? उदाहरणे देऊन लिहा.
३. केवळ अल्पप्राण-महाप्राण भेदामुळे अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या पाच जोड्या लिहा.
४. एका व्यक्तीचे श्रवणमापन ५०० हर्ट्झला ५०, १००० हर्ट्झला ६० आणि २००० हर्ट्झला ७० डेसिबेल आले. सरासरी काढून दोषाचा वर्ग सांगा.
५. तुमच्या परिचयातील कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीशी बोलताना तुम्ही कोणती काळजी घ्याल, ते दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. रिकीब. २. निळी फुली. ३. आवाज बाहेर निसटून मायक्रोफोनमध्ये शिरतो व यंत्र शिट्टी वाजवते.